कापसाच्या भावात आजार वाचणारा डॉक्टर

१९२१ सालच्या जुलै महिन्यात अमेरिकेचे अध्यक्ष वॉरन हार्डिंग यांनी देशाच्या सर्जन जनरलना आणि रेडक्रॉसला पत्रे पाठवली. दक्षिणेकडच्या कापूस पट्ट्यात अन्नाची ददात पडली आहे आणि पेलाग्रा नावाचा रोग वाढतो आहे, असे त्यांच्या कानावर आले होते. सरकारने काय करावे, असे त्यांनी विचारले होते. या पत्रांमागे देशाच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा एक अंदाज होता. त्या वर्षी सुमारे एक लाख माणसांना पेलाग्रा होईल, असा तो अंदाज. तो कुठल्या जंतूवरून बांधला नव्हता, हवामानावरूनही नाही. कापसाचा भाव कोसळला, यावरून बांधला होता. १९२० च्या वसंतात पौंडाला चाळीस सेंटच्या आसपास असलेला भाव वर्ष संपता संपता त्याच्या एक तृतीयांशावर आला होता.

भाव पडला म्हणून अमुक रोग वाढेल, असे आगाऊ सांगण्याइतका भक्कम पुरावा तोपर्यंत वैद्यकशास्त्रात फारसा कुणी गोळा केला नव्हता. तो ज्याने गोळा केला, त्या डॉक्टरचे नाव जोसेफ गोल्डबर्गर. वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमच्या पुस्तकात हे नाव एका ओळीत येऊन जाते: पेलाग्रा हा संसर्गजन्य नसून आहारातल्या कमतरतेने होतो, हे यांनी सिद्ध केले. विद्यार्थी ती ओळ परीक्षेपुरती पाठ करतात आणि पुढे जातात. पण त्या माणसाच्या कामाचा अर्धा भाग, आणि माझ्या मते जास्त मोलाचा अर्धा भाग, त्या ओळीत येत नाही.

गोल्डबर्गर जन्मला १६ जुलै १८७४ रोजी, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीत, आजच्या स्लोव्हाकियातल्या एका छोट्या गावात. घर ज्यू, धंदा मेंढपाळीचा. कळपात रोग शिरला, मेंढ्या मेल्या, आणि १८८३ मध्ये हे कुटुंब अमेरिकेला निघाले. जोसेफ तेव्हा नऊ वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या दाटीवाटीच्या, परदेशातून आलेल्या गरिबांच्या वस्तीत वडिलांनी किराणा दुकान टाकले आणि पोरगा घरोघर सामान पोचवू लागला. कुणाच्या पिशवीत काय जाते आणि कुणाच्या पिशवीत काय जात नाही, हे त्याने त्या वयात पाहिले असणार. पुढे त्याने संशोधनासाठी दुकानांच्या खातेवह्या उघडल्या, तेव्हा वाण्याच्या पोराला ती वही परकी वाटली नसेल, असे आपले मला वाटते.

इंजिनीअर व्हायचे म्हणून तो कॉलेजात गेला. एका मित्राबरोबर बेलव्ह्यू रुग्णालयाच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक व्याख्यान ऐकले आणि बेत बदलला. १८९५ मध्ये तो डॉक्टर झाला. पेनसिल्व्हेनियातल्या एका कोळसा-शहरात दोन वर्षे खासगी दवाखाना चालवला, पण त्यात जीव रमला नाही. १८९९ मध्ये तो सरकारी आरोग्य सेवेत शिरला. सुरुवातीचे काम होते बंदरावर उतरणाऱ्या परदेशी लोकांची तपासणी, म्हणजे सोळा वर्षांपूर्वी तो स्वतः ज्या रांगेत उभा होता तशाच रांगेतल्या माणसांची. त्यानंतर साथीमागून साथी. मेक्सिकोत पीतज्वर, टेक्सासमध्ये डेंग्यू, पुन्हा मेक्सिकोत टायफस. हे तिन्ही रोग त्याला स्वतःलाही झाले आणि तिन्हींतून तो वाचला. गोवर माकडांना देऊन तो विषाणूने होतो हे दाखवण्यात त्याचा वाटा होता. गवताच्या गाद्यांवर झोपणाऱ्यांना येणारी विचित्र खाज त्या गवतातल्या एका बारीक किडीमुळे येते, हेही त्याने थोड्या दिवसांत शोधून काढले. थोडक्यात, १९१४ पर्यंत तो साथरोगांतला पट्टीचा माणूस झाला होता. म्हणूनच सर्जन जनरलनी त्याला दक्षिणेत पाठवले. तिथे एक साथ आहे, असाच सगळ्यांचा समज होता.

पेलाग्रा हा रोग युरोपला अठराव्या शतकापासून माहीत होता. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने त्याचे वर्णन केले, इटलीत त्याला नाव मिळाले. त्याचा अर्थ खरखरीत कातडी. उन्हात उघड्या राहणाऱ्या भागांवर, म्हणजे हाताच्या पाठीवर, पावलांवर, गळ्याभोवती, लालसर चट्टे येतात, पुढे ते काळपट होऊन सोलतात. गळ्याभोवतीचा पट्टा तर माळ घातल्यासारखा दिसतो. मग जुलाब, तोंड येणे, झोप उडणे, उदासी, भ्रम. शेवटी मृत्यू. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत या रोगाची फारशी दखल नव्हती. १९०६ मध्ये अलाबामातल्या कृष्णवर्णीयांच्या मनोरुग्णालयात एकदम ८८ रुग्ण निघाले आणि त्यातले निम्म्याहून अधिक दगावले. मग दक्षिणेत जिकडे पाहावे तिकडे पेलाग्रा दिसू लागला. लोक इतके घाबरले की काही रुग्णालये असे रुग्ण घेईनात. दक्षिण कॅरोलिनात एका आयोगाने गावे पिंजून काढली आणि हा रोग माणसापासून माणसाला होतो, घाण आणि उघड्या संडासांतून पसरतो, असा निष्कर्ष दिला. जंतूंच्या शोधांनी भारलेला तो काळ होता. गरिबीत दिसणारा प्रत्येक रोग घाणीचा, असे वाटणे स्वाभाविक होते.

गोल्डबर्गरने मनोरुग्णालये, तुरुंग आणि अनाथालये पाहिली. पहिल्या काही आठवड्यांतच एक साधी गोष्ट त्याच्या लक्षात आली. रुग्णांना पेलाग्रा होतो. त्यांच्याबरोबर दिवसरात्र राहणाऱ्या परिचारिकांना, वॉर्डबॉयना होत नाही. संसर्गजन्य रोग असा शिस्तीने पगारदार माणसे सोडून देत नाही. मिसिसिपी राज्यातल्या जॅक्सन शहराच्या अनाथालयात तर आणखी गंमत होती. अगदी लहान मुले ठीक, बारा वर्षांवरची मोठी मुलेही ठीक, रोग होता तो मधल्या सहा ते बारा वयाच्या मुलांत. चौकशी केल्यावर कळले की लहानांना दूध मिळते, कामाला जुंपलेल्या मोठ्यांना मांस मिळते आणि मधल्यांच्या ताटात मक्याचे पीठ आणि काकवी. सरकारी पैशातून त्याने या मुलांना दूध, अंडी, मांस, शेंगा सुरू केल्या. पुढच्या वर्षी रोग जवळजवळ एकाही मुलात परतला नाही. पैसे संपले, पुन्हा जुने जेवण सुरू झाले, आणि काही महिन्यांत पेलाग्रा हजर.

यानंतरचे दोन प्रयोग प्रसिद्ध आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. १९१५ मध्ये मिसिसिपीच्या तुरुंगाच्या शेतावर अकरा कैद्यांना, गव्हर्नरकडून माफीचे आश्वासन घेऊन, मुख्यतः मका, तांदूळ, मैदा, रताळी आणि काकवीवर ठेवले. सुमारे पाच महिन्यांनी अकरापैकी सहा जणांना पेलाग्रा झाला. आजची कुठलीही एथिक्स कमिटी हा प्रयोग पहिल्याच बैठकीत फेटाळेल, आणि तेच योग्य होईल. दुसरा प्रयोग त्याने स्वतःवर केला. १९१६ मध्ये तो, त्याचे सहकारी आणि त्याची पत्नी मेरी अशा सोळा जणांनी पेलाग्राच्या रुग्णांचे रक्त टोचून घेतले. मेरी सोडून इतरांनी रुग्णांच्या कातडीचे पापुद्रे आणि विष्ठासुद्धा पिठाच्या गोळ्यांत घालून गिळली. कुणालाही रोग झाला नाही. मेरी ही न्यू ऑर्लीन्सच्या जुन्या घराण्यातली, अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेचा अध्यक्ष असलेल्या जेफरसन डेव्हिसच्या नात्यातली. पुढे दक्षिणेत ज्याला उपरा म्हणून हिणवले गेले, त्याची ही बायको.

इथपर्यंतची गोष्ट पाठ्यपुस्तकात असते. पण गोल्डबर्गरसमोर आता अवघड प्रश्न होता. दूध, अंडी, मांस खाल्ले की रोग जातो हे ठीक. मग लोक ते खात का नाहीत? तेव्हाचे बरेच डॉक्टर म्हणत, अज्ञान. दक्षिणेतल्या माणसाला मकाच आवडतो, त्याला आहाराचे शिक्षण द्या. आमच्या ओपीडीतही हे वाक्य रोज उच्चारले जाते: फळे खा, दूध घ्या, डाळ वाढवा. केसपेपरवर ते लिहून आपण पुढच्या रुग्णाला हाक मारतो.

गोल्डबर्गरने या प्रश्नासाठी एक अर्थशास्त्रज्ञ जोडीला घेतला, एडगर सिडेनस्ट्रिकर. चीनमध्ये मिशनऱ्यांच्या घरात जन्मलेला हा माणूस. ‘द गुड अर्थ’ लिहिणाऱ्या पर्ल बक याची धाकटी बहीण. डॉक्टरने साथीच्या कामात अर्थशास्त्रज्ञाला बरोबरीचा भागीदार करावे, ही तेव्हा नवी गोष्ट होती, आणि खरे सांगायचे तर आजही ती जुनी झालेली नाही. सिडेनस्ट्रिकरने १९१५ मध्येच दाखवून दिले होते की आधीच्या काही वर्षांत दक्षिणेत खाद्यपदार्थांचे भाव मजुरीपेक्षा वेगाने चढले, आणि पेलाग्राही त्याच वर्षांत डोळ्यांत भरू लागला.

१९१६ मध्ये या दोघांनी डॉ. जॉर्ज व्हीलर यांच्यासह दक्षिण कॅरोलिनातली सात गिरणी-गावे निवडली. ही गावे म्हणजे सूतगिरणी, तिच्या मालकीची घरे, तिचेच दुकान. राहणारी माणसे गोरी. कृष्णवर्णीयांना गिरणीत काम जवळजवळ मिळतच नसे. सुमारे साडेसातशे कुटुंबे. पथक दर दोन आठवड्यांनी घरोघर जाऊन प्रत्येकाच्या हातापायांची कातडी पाहायचे. तोवरच्या पाहण्यांत डॉक्टरकडे येईल तोच रुग्ण मोजला जायचा. इथे जो डॉक्टरकडे गेलाच नाही तोही मोजला गेला. वसंत ऋतूत, रोग उफाळण्याच्या थोडे आधी, पंधरा दिवसांत प्रत्येक घरात किती दूध, किती मांस, किती पीठ आले, याची नोंद दुकानाच्या वहीतून आणि घरच्या बाईकडून घेतली. त्या काळात घरात किती पगार आला, हेही लिहिले. आणि एक बारकावा सांभाळला: घरात खाणारी तोंडे किती आणि कुठल्या वयाची, याचा हिशेब करून उत्पन्न दरमाणशी काढले. मोठ्या पगाराच्या पण आठ पोरांच्या घराची गणना श्रीमंतांत होऊ दिली नाही.

निकाल स्वच्छ होता. उत्पन्न जसे एकेक पायरी खाली, तसा पेलाग्रा एकेक पायरी वर. सर्वांत तळच्या गटात रोगाचे प्रमाण वरच्या गटाच्या कित्येक पट. स्वच्छता, संडास, गर्दी यांचा हिशेब लावून पाहिला तर त्यांचा रोगाशी स्वतंत्र संबंध दिसला नाही. घरात गाय असेल तर रोग कमी. रोग सर्वाधिक कुणाला? वीस ते चाळीस-पंचेचाळीस वयाच्या बायकांना. कमावता पुरुष आणि मुले यांना वाढून झाल्यावर जे उरते ते आईच्या ताटात येते, हे त्या नोंदवहीत असे उतरले होते. अॅनिमियाच्या तपासण्या करणाऱ्या आपल्याकडच्या कुठल्याही आशाताईला यात नवे काही वाटणार नाही.

पण मला या अभ्यासातली सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट वेगळीच वाटते. दोन गावांतल्या कुटुंबांचे उत्पन्न जवळपास सारखे होते, तरी एका गावात पेलाग्रा भरपूर आणि दुसऱ्यात जवळजवळ नाही. फरक गावाच्या भोवती होता. एकाच्या सभोवती मिश्र शेती होती. शेतकरी दूध, अंडी, भाजी, ताजे मांस घेऊन दारोदार विकायला येत. दुसऱ्या गावाभोवती क्षितिजापर्यंत कापूस. तिथे हातात पैसे असूनही विकत घ्यायला दूध नव्हते. होते ते कंपनीच्या दुकानातले पीठ आणि खारवलेली चरबी. म्हणजे गरिबी हे कारण खरे, पण ती एकटी नव्हती. पैसा आणि ताट यांच्या मधला रस्ताही मोजावा लागतो.

आता कापसाच्या भावाकडे येऊ. गिरणी-गावांतल्या मजुराला निदान पगार तरी मिळे. गावाबाहेर बटाईने शेती करणारे गोरे-काळे शेतकरी होते, त्यांची दशा आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. मार्चच्या सुमारास जमीनमालक किंवा दुकानदार उधारीवर धान्य द्यायला लागे: मक्याचे पीठ, डुकराची पांढरी चरबी, काकवी. शरद ऋतूत कापूस विकला की त्यातून ही उधारी व्याजासकट वळती. मालकाला रोकड देणारे पीक हवे, म्हणून दारापर्यंत कापूस पेरायचा; परसात भाजी लावायची तर जागा नाही, गाय ठेवायची तर चारा नाही. एखाद्या शरदात भाव पडला की हिशेब उणे निघे. मालकाकडेही पैसा नसे, म्हणून पुढच्या वसंतात उधारी आखडे. गाय असेल तर ती विकली जाई. हिवाळाभर मका खाऊन शरीरातला साठा संपत येई आणि मे-जूनमध्ये ऊन चढले की हातांवर चट्टे उमटत. म्हणून भाव कोसळण्याचा परिणाम पुढच्या वर्षीच्या उन्हाळ्यात दिसे. १९१४ मध्ये युरोपात युद्ध पेटले, कापसाची निर्यात अडकली, भाव पडला. १९१५ मध्ये पेलाग्रा उसळला. पुढे युद्धाच्या मागणीने भाव चढले, हाती पैसा आला आणि रोग ओसरला. म्हणून १९२० च्या डिसेंबरातला भाव पाहून १९२१ च्या उन्हाळ्याची काळजी करायला गोल्डबर्गरला ज्योतिषाची गरज नव्हती.

यामागचे शरीरशास्त्र त्याच्या हयातीत कळले नाही, पण आज माहीत आहे. शरीरातल्या प्रत्येक पेशीला अन्नातून ऊर्जा काढायला नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, लागते. ते अन्नातून मिळते, किंवा दूध-मांस-अंड्यांतल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून शरीर ते थोडेथोडे बनवते. मक्यात ट्रिप्टोफॅन कमी, आणि नायसिन असते ते बांधलेल्या रूपात, आतड्याला न सुटणारे. मेक्सिकोतले मूळ रहिवासी मका चुन्याच्या पाण्यात शिजवतात, त्याने ते सुटे होते. युरोपने मका नेला, ही रीत नेली नाही. आपल्या दख्खनच्या पठारावर ज्वारीवर जगणाऱ्या गरीब मजुरांतही पेलाग्रा दिसे. हैदराबादच्या पोषण संशोधन संस्थेत डॉ. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला आणि ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याकडे बोट दाखवले. त्यावर पुढे वादही झाले. हे वाचून कुणी भाकरी सोडू नये. डाळ, ताक, भाजीबरोबरची ज्वारी उत्तम अन्न आहे. अडचण होते ती ताटात तिच्याशिवाय काहीच नसते तेव्हा. आता आमच्याकडे पेलाग्रा क्वचित येतो: जेवण सोडून दारूवर राहिलेला माणूस, किंवा आधीच कुपोषित आणि आयसोनियाझिड चालू असलेला क्षयरुग्ण. गळ्याभोवतीची ती माळ एकदा पाहिलेला डॉक्टर ती विसरत नाही.

परत १९२१ कडे. हार्डिंग यांच्या पत्रांची बातमी झाली आणि दक्षिणेत संताप उसळला. आमच्याकडे दुष्काळ? आम्ही भिकारी? खासदार, वर्तमानपत्रे, व्यापारी मंडळे, सगळे तुटून पडले. राज्यांचे आरोग्य अधिकारी म्हणाले की आकडा फुगवलेला आहे. कापसाच्या राज्याची बदनामी झाली तर भांडवल येणार नाही, माणसे स्थायिक व्हायला येणार नाहीत, ही खरी भीती होती. मदत नको, असा सूर लागला. अंदाज वर्तवणारा माणूस परदेशात जन्मलेला, ज्यू, वॉशिंग्टनच्या पगारावरचा. त्याचाही राग होताच. गोल्डबर्गरने जाहीर वादात फारसे न पडता काम चालू ठेवले. पत्नीला लिहिलेल्या पत्रांत मात्र त्याने आपली चीड लपवली नाही.

त्याला कळून चुकले होते की जमीनव्यवस्था बदलणे डॉक्टरच्या हातात नाही. मग स्वस्त काहीतरी हवे. कुत्र्यांना होणारा ‘काळी जीभ’ हा रोग पेलाग्राचाच भाऊबंद असल्याचे ओळखून त्याने कुत्र्यांवर एकेक पदार्थ तपासला, आणि बिअर बनवताना वापरले जाणारे यीस्ट सर्वांत गुणकारी ठरले. स्वस्त, टिकाऊ, दिवसाला थोडेसे पुरे. १९२६ मध्ये विक्रमी पीक आले, भाव पुन्हा कोसळला. १९२७ च्या वसंतात मिसिसिपी नदीला महापूर आला. गायी, कोंबड्या, परसबागा वाहून गेल्या. गोल्डबर्गर आणि सिडेनस्ट्रिकर पूरग्रस्त राज्यांत फिरले. पन्नास हजारांच्या आसपास रुग्ण असतील, असा त्यांचा हिशेब होता. रेडक्रॉसने त्यांच्या सांगण्यावरून यीस्ट वाटले आणि हजारो लोक बरे झाले. पण त्यांच्या अहवालात केवळ यीस्ट नव्हते. पूर हे तात्कालिक कारण आहे; एकाच पिकावर आणि उधारीवर उभी असलेली बटाईची पद्धत हे मूळ आहे, असे त्यांनी त्यात मांडले. सरकारी अहवालात असे लिहायला तेव्हाही धाडस लागत असे.

१७ जानेवारी १९२९ रोजी, चोपन्नाव्या वर्षी, मूत्रपिंडाच्या कर्करोगाने गोल्डबर्गर गेला. त्याची रक्षा पोटोमॅक नदीवर विखुरली. नोबेलसाठी त्याचे नाव सुचवले गेले होते, मिळाले नाही. घरात शिल्लक बेताचीच होती. अमेरिकी संसदेने मेरीला दरमहा १२५ डॉलरचे निवृत्तिवेतन मंजूर केले.

त्याच वर्षी ऑक्टोबरात शेअर बाजार कोसळला आणि महामंदी आली. आता पेलाग्राचा कहर होणार, असे कुणालाही वाटले असते. झाले उलटेच. १९२८-२९ मध्ये वर्षाला सात हजारांच्या घरात गेलेले पेलाग्राचे मृत्यू मंदीच्या वर्षांत उतरू लागले. कापसाला भावच उरला नाही, उधारी द्यायला सावकाराकडेही पैसा नव्हता, तेव्हा जमीनमालकांनी कुळांना भाजीपाला लावू दिला. रेडक्रॉसने बियाणे वाटले, यीस्ट वाटले, कृषिखात्याच्या बाया घरोघर जाऊन डबाबंद भाजी करायला शिकवू लागल्या. दारापर्यंतचा कापूस मागे हटला आणि परसात शेंगा आल्या. १९१६ मध्ये त्या दोन गावांत दिसलेली गोष्ट आता साऱ्या प्रदेशात दिसत होती.

मंदी आली की मृत्यू वाढतात, हे समीकरण एवढे सरळ नाही, हे अमेरिकेच्या त्या वर्षांच्या एकूण आकड्यांतही दिसते. १९३०-३३ मध्ये एकूण मृत्युदर वाढला नाही; बालमृत्यू कमी होतच राहिले, रस्त्यावरचे अपघातही घटले. वाढल्या त्या आत्महत्या. सिडेनस्ट्रिकरला हे पटापट उतरणारे आकडे पाहून स्वस्थ बसवले नाही. मेलेल्यांची मोजणी करून जिवंतांचे काय चालले आहे ते कळत नाही, म्हणून १९३३ मध्ये त्याने आणि सहकाऱ्यांनी दहा ठिकाणच्या हजारो कामगार कुटुंबांत जाऊन विचारले: १९२९ मध्ये घरात किती येत होते, आता किती येते, आणि गेल्या तीन महिन्यांत कोण किती दिवस आजारी होते. सर्वांत जास्त आजारपण सापडले ते मुळापासून गरीब असलेल्यांत नाही. चार वर्षांपूर्वी सुखवस्तू होती आणि आता कंगाल झाली होती, त्या घरांत ते सर्वाधिक होते. सिडेनस्ट्रिकर १९३६ मध्ये वारला.

पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिनमध्ये कॉनरॅड एल्व्हेहेम यांनी काळी जीभ झालेल्या कुत्र्यांना निकोटिनिक आम्ल दिले आणि ते बरे झाले. गोल्डबर्गर ज्याच्या मागावर होता तो पदार्थ हाच. नावात निकोटिन असल्याने लोक बिचकतील म्हणून त्याचे नायसिन असे बारसे झाले. दुसऱ्या महायुद्धात नोकऱ्या वाढल्या, मजुरी वाढली, मैदा आणि मक्याच्या पिठात नायसिन मिसळणे सुरू झाले, आणि चाळीस वर्षांत तीस लाख लोकांना गाठून एक लाखाहून अधिक बळी घेतलेला हा रोग दक्षिणेतून दिसेनासा झाला. पिठात जीवनसत्त्व घालण्याची सक्ती करणाऱ्या पहिल्या राज्यांत दक्षिण कॅरोलिना होते.